फाटकाजवळचा फळा

आमच्या शाळेच्या फाटकात, सायकलींच्या अलीकडे,
एक फळा उभा आहे. दोन पाय लाकडाचे, तिसरा विटांचा.
सकाळी साडेदहाला त्यावर बातमी चढते,
संध्याकाळी साडेपाचला मी ती पुसतो.
बावीस वर्षं झाली.
मोठे साहेब पहिली ओळ वाचतात, पालक फीची तारीख.
शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा
बहुतेक मी एकटाच.

सध्या फळा नववी ‘ब’कडे आहे.
‘अ’ होती कधी काळी. आता ‘ब’च उरलीय,
चौदा मुलांची, तरी तिला ‘अ’ कुणी म्हणत नाही.

सोमवारी लिहिलं होतं:
खोखोत आपण पादऱ्याकडून तीन गुणांनी हरलो.
मृण्मयी शिर्केचा गुडघा फुटला
तरी ती शेवटपर्यंत खाली बसली नाही.
(खोखोत खाली बसावंच लागतं निम्म्यांना.
पण मी पुसणारा, दुरुस्त करणारा नव्हे.)

मग उत्तरायणानंतरचं काम आलं,
झाडाझाडांत अडकलेला मांजा उतरवायचं.
कांताभाई भाजीवाल्याचा काटा मागून आणला,
साडेनऊ किलो भरला नुसता दोरा.
खाली बारीक अक्षरात: एक घुबड, जिवंत,
वजनात धरलेलं नाही.

विज्ञान प्रदर्शनात यांनी घंटा नेली होती,
विश्वामित्रीचं पाणी चढलं की
मगर कुठल्या सोसायटीत शिरेल ते सांगणारी.
परीक्षकांपुढे गप्प बसली.
येताना रिक्षात जी वाजायला लागली
ती थेट दांडिया बाजारपर्यंत.
उत्तेजनार्थ.

गुरुवारी पाळी होती अल्केश राठवाची.
आई त्याची शेजारच्या वसतिगृहात पोळ्या लाटते.
आठवीपर्यंत गुजरातीत शिकला,
आणि मग आमच्या शाळेत, कारण मधे एकच भिंत.
त्यानं लिहिलं झकास, टपोरं,
पण एकाही शब्दाच्या डोक्यावर रेघ नाही.

खासनीसांनी स्कूटर थांबवली. एकाहत्तरची मॅट्रिक, आमच्याच शाळेची.
‘ही शाळा आहे का फरसाणाची पाटी?’
दिघेबाई बाहेर आल्या. वाचलं.
काही न बोलता पोराच्या हातात लांब पट्टी दिली.

पोरानं पट्टी टेकवली
आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत
ओढली एकच रेघ, कुठे न थांबता.
सगळे शब्द एका दोरीवर, वाळत घातल्यासारखे.
बाईंना हसू आवरेना. खासनीसांनाही, थोडं.
मला ती ओळ एका दमात वाचावी लागली:

आजमम्मीलातापआहेम्हणूनवसतिगृहातल्या
दोनशेदहापोळ्यानववीबनेकेल्या

आणि खाली, दम टाकून,
निराळ्या ओळीत:
एकही गोल नाही.

मला मिळाली होती त्यातली एक.
मगरीसारखी, शेपटीकडे कच्ची.
लोणच्याबरोबर गेली.

साडेपाचला फडकं भिजवलं.
बावीस वर्षांची सवय, हात आधी वरच्या कडेनं फिरतो,
म्हणजे पहिली पुसली जाते ती रेघच.
हे खासनीसांना कुठून ठाऊक असणार!
रोज पाहतो मी.
रेघ जाते, आणि हात खाली येईपर्यंत
अक्षरं तशीच उभी असतात,
कशालाही न लटकता.

मग तीही पुसली. नियम आहे.
बादलीतलं पाणी नेहमीसारखं पांढरं झालं,
ते मी मोगऱ्याला घातलं.
उद्या पाळी तन्वीर शेखची.
तो उंचीनं कमी आहे.
एक वीट काढून ठेवली पाहिजे.